बालशिक्षिकेची पदवी : अभ्यास कशाचा, आणि कोणासाठी

जून महिन्याच्या मध्यास मराठवाड्यातील शाळा उघडतात आणि निलंगा तालुक्यातील गावोगावच्या प्राथमिक शाळांत पहिल्या इयत्तेच्या पटावर नवी नावे चढतात. पटावरील नाव नवे असते. मूल मात्र नवे नसते. सहा वर्षांचे ते मूल एक संपूर्ण भाषा बोलत असते. बैलाच्या किती जवळ जावे, विहिरीपासून किती दूर राहावे, आजीपाशी काय मागावे आणि वडिलांपाशी काय मागू नये, हे सारे त्यास ठाऊक झालेले असते. औराद शहाजानी, कासारशिरसी या बाजूस कर्नाटकची सीमा लागून असल्याने कित्येक घरांत कानडी बोलली जाते, तांड्यावर गोरबोली चालते आणि मुसलमान कुटुंबांतून दखनी. या सहा वर्षांत मुलाच्या मनाची जी घडण झाली ती कोणी तरी केलेली असते. आईने, आजीने आणि बहुधा अंगणवाडीतील सेविकेनेही. म्हणून त्या सेविकेने काय शिकावे हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हे. पहिलीच्या वर्गावर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचाही आहे.

खेड्यात शिक्षणासंबंधी सल्ला विचारावयाचा तर लोक अजूनही गुरुजींकडेच येतात. बारावी झालेली एखादी मुलगी, किंवा अंगणवाडीत आठ-दहा वर्षे काम केलेली एखादी सेविका येऊन विचारते, “गुरुजी, लहान मुलांना शिकविण्यासाठी पदवीचा अभ्यास करावा काय?” या प्रश्नास पुष्कळदा हसून उत्तर मिळते की, चार गाणी म्हणावयाची आणि खिचडी वाढावयाची, त्याला पदवी कशाला? हे उत्तर देणारा वाईट माणूस नसतो. त्याने फक्त समाजात चालत आलेली एक उतरंड मान्य केलेली असते : विद्यार्थी जितका मोठा तितका शिक्षक विद्वान असावा आणि विद्यार्थी जितका लहान तितके शिक्षकाचे शिक्षण कमी असले तरी भागते. महाविद्यालयातील तरुणास शिकविणारा चुकला तर तो तरुण पुस्तक उघडून स्वतःची समजूत दुरुस्त करून घेऊ शकतो. तीन वर्षांच्या मुलास ती सोय नाही. शिक्षिका चुकली हे त्यास समजतही नाही. त्यास एवढेच वाटते की आपणच चुकलो.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास पाहिला तर ही उतरंड ज्यांनी प्रथम उलटी केली त्या स्त्रिया उत्तम शिकलेल्या होत्या, किंवा शिकण्यासाठी आयुष्यभर धडपडलेल्या होत्या. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला व १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या. पुढे राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्रमुख म्हणून त्यांनी काम केले. ही मानाची जागा होती. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. मादाम माँटेसरींच्या ग्रंथाचे वाचन झाल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली बालमंदिर उघडले. खुद्द माँटेसरीबाई तर डॉक्टर होत्या. १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह चालू केले. एक डॉक्टर, एक वकील, एक अध्यापन विद्यालयाची प्राचार्या! तीन वर्षांच्या मुलापुढे येऊन बसलेल्या या तिघांनाही आपल्या जुन्या विद्येचा मोठा भाग बाजूस ठेवून नव्याने शिकावे लागले.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी दादरला १९३६ मध्ये शिशुविहार व त्यामागोमाग बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर चालू केले. परंतु खरी कसोटी १९४५ साली लागली. त्या वर्षी ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. (तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे.) शहरातील बालमंदिराची साधने महाग, खेड्यात ती कोठून आणावयाची? तेव्हा शिंपले, बिया, पाने, माती, बांबूचे तुकडे हीच साधने झाली. त्याहून मोठी अडचण ही की ज्या मुलांसाठी केंद्र काढले त्यांतील पुष्कळ मुले केंद्रात येतच ना. दलित व आदिवासी वस्तीतील मुलांची घरे दूर, धाकटे भावंड सांभाळावयाचे, अंगावर धड कपडा नाही. मुले शाळेत येत नाहीत असा शेरा नोंदवून स्वस्थ बसता आले असते. केंद्रातील कार्यकर्त्या साधने घेऊन वस्तीवर गेल्या व झोपडीपुढच्या अंगणातच मुलांस जमवू लागल्या. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून तिचे नाव अंगणवाडी पडले. गुरे वळणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा निघाली तीही याच विचाराने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांस हेच नाव मिळाले. आज निलंग्याच्या प्रत्येक गावात ते नाव फळ्यावर लिहिलेले दिसते. ते अशा एका वस्तीत जन्मले हे पुष्कळांस ठाऊक नसते.

बोर्डीच्या त्या कामात ताराबाईंच्या सोबत उभ्या राहिल्या त्या अनुताई वाघ. सल्ला विचारण्यास येणाऱ्या सेविकेला सांगावी अशी कहाणी ताराबाईंपेक्षा अनुताईंची आहे. त्यांचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तेथे आयुष्य संपले असेच कोणीही मानले असते. अनुताई १९२५ साली व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झाल्या, १९२९ साली प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण पुरे केले आणि शिक्षिका झाल्या. दिवसा शाळेत शिकवून रात्रशाळेत अभ्यास करीत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ साली बोर्डीस गेल्या व १९५७ साली केंद्र कोसबादच्या टेकडीवर हलले तेव्हा तेथे स्थिरावल्या. आणि १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांनी पदवी परीक्षा दिली व त्या उत्तीर्ण झाल्या.

या सनावळीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९६१ साली अनुताईंना बालशिक्षणाचा सोळा वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव होता. त्यांना नोकरी मिळवावयाची नव्हती, बढती नको होती, आणि कोसबादच्या आदिवासी मुलांनी त्यांच्याकडे कधी प्रमाणपत्र मागितले नसते. अनुभवाने सारे कळते असे त्यांनी मानले असते तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. परंतु अनुभव माणसास जे घडले ते सांगतो. ते का घडले आणि दुसऱ्या मुलाच्या बाबतीत ते वेगळे का घडेल, हे त्याच्याकडून नेहमी कळतेच असे नाही.

तेव्हा या अभ्यासात असते तरी काय, हे आता नीट पाहिले पाहिजे. विषयांची नावे कोणत्याही माहितीपत्रकात सापडतील : बालविकास, भाषा, खेळ, आरोग्य व आहार, पालकसंपर्क, साधननिर्मिती, प्रत्यक्ष पाठ. नावांवरून काही बोध होत नाही. दोन-चार प्रसंग घेतले म्हणजे अभ्यासाचा उपयोग दिसेल.

मुलापुढे चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडाव्या. प्रत्येकीत सहा चिंचोके. मूल म्हणेल, सारखेच आहेत. मग त्याच्या देखत एका ओळीतील चिंचोके दूर दूर सरकवावे, म्हणजे ती ओळ लांब होईल. आता कोठे जास्त, असे विचारले तर चार-पाच वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीकडे बोट दाखविते. त्यास सहापर्यंत मोजता येत असते तरीही! स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी अशा प्रयोगांवरून दाखवून दिले की, अंक तोंडपाठ असणे आणि संख्या समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट साधारणपणे सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास पक्की होते. ज्या शिक्षिकेने हे अभ्यासिले आहे ती शंभरापर्यंत अंक घोकून घेण्यात दिवस घालवीत नाही. ती मुलांस शेंगा वाटावयास लावते, दोघांत सारख्या झाल्या की नाही हे पाहावयास लावते, वाटीने धान्य मापावयास देते. आणि जिने अभ्यासिले नाही ती मुलास मंद म्हणते. हा प्रयोग कोणत्याही शिक्षकास पहिलीच्या वर्गात पाच मिनिटांत करून पाहता येईल. चिंचोक्यांना मराठवाड्यात तोटा नाही.

दुसरा प्रसंग लेखनाचा. मूल ३ च्या जागी ६ लिहिते आणि ६ च्या जागी ३. ज्या दोन अंकांच्या पाठमोरेपणावरून छत्तीसचा आकडा हा वाक्प्रचार पडला, तेच दोन अंक मुलाच्या हातून एकमेकांच्या घरात जातात. पालक म्हणतात लक्ष नाही, आणि बोटांवर पट्टी बसते. वास्तविक अक्षरे व अंक उलटे काढणे ही सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास आढळणारी गोष्ट आहे. मुलाच्या अनुभवात आतापर्यंत वस्तूची दिशा बदलली म्हणून तिचे नाव बदललेले नसते. तांब्या उजवीकडे ठेवा की डावीकडे, तो तांब्याच. केवळ वळण्याची दिशा बदलली म्हणजे तीनचा सहा होतो, ही लिपीच्या जगातील विचित्र रीत त्यास नव्याने शिकावयाची असते. शिवाय मनगटातील लहान हाडे या वयात पुरती तयार झालेली नसतात, बोटांच्या स्नायूंत बळ आलेले नसते. म्हणून पेन्सिल हाती देण्यापूर्वी कणीक मळणे, मातीचे बैल करणे, तुरीच्या शेंगा सोलणे, मणी ओवणे ही कामे देतात. बाहेरून पाहणाऱ्यास तो वेळेचा अपव्यय वाटतो. ती लेखनाचीच पूर्वतयारी असते.

तिसरा प्रसंग या तालुक्यापुरता विशेष महत्त्वाचा आहे. सीमेवरच्या गावातील मूल घरी पाण्याला ‘नीरु’ म्हणते आणि ‘बा’ म्हटले की जवळ येते. त्यास ‘पाणी’ व ‘ये’ हे शब्द अंगणवाडीत प्रथम ऐकू येतात. पहिले काही आठवडे ते गप्प बसते. त्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावावयाचा यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. बालभाषेचा अभ्यास केलेली शिक्षिका जाणते की, नवी भाषा कानावर पडत असताना मूल काही काळ ऐकतच राहते आणि त्या काळात आतून शिकत असते. ती त्याच्या घरचे दहा-वीस शब्द स्वतः शिकून घेते. अक्का आणि अण्णा हे शब्द तर दोन्ही भाषांत चालतात. तेथून आरंभ करण्यास काय हरकत आहे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले आहे. या भागातील जुन्या पिढीस हे वेगळे सांगावे लागत नाही. निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात कारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. परक्या भाषेत शिकताना बुद्धी असूनही माणूस कसा मुका होतो, याचा अनुभव मराठी मुलांनी येथे घेतलेला आहे. तोच अनुभव आज कानडी किंवा गोरबोली बोलणाऱ्या मुलास मराठीमुळे येऊ नये.

या सर्वांहून अधिक वेळ ज्यावर द्यावा लागतो ते म्हणजे निरीक्षण. बालशिक्षणाच्या चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनीस एका मुलाच्या नोंदी कित्येक आठवडे ठेवावयास सांगतात. आरंभी तिच्या वहीत असे वाक्य येते : “मूल हट्टी आहे.” मार्गदर्शक ते वाक्य खोडून विचारतात, तू डोळ्यांनी काय पाहिलेस ते लिही. मग ती लिहिते : “मूल दहा मिनिटे दाराशी उभे राहिले. आजी दिसेनाशी झाल्यावर चटईवर येऊन बसले. ठोकळा हाती घेतला. दुसऱ्याने मागितला तेव्हा दिला नाही, पाठीमागे धरला.” या चार वाक्यांत हट्ट कोठेच नाही. घरून येताना ज्याचे सारे सुटले, त्या मुलाने हाती लागलेली एक वस्तू घट्ट धरली, एवढेच आहे. पाहिलेले आणि अनुमानिलेले यांतील भेद कळणे हा या पदवीचा गाभा होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पहिलीच्या शिक्षकांनीही अशी एक वही ठेवून पाहावी. महिन्याभरात स्वतःचीच काही मते खोडावी लागतील.

परिसराचा उपयोग हाही अभ्यासाचा भाग आहे, आणि त्यात खेड्यातील शिक्षिका शहरातील शिक्षिकेच्या पुढे असते. लातूर जिल्ह्यात वेळा अमावास्येस, म्हणजे येळवशीस, सारे गाव शेतात जाते. दुसऱ्या दिवशी मुलांपाशी सांगण्यासारखे इतके असते की भाषेचा पाठ निराळा घ्यावा लागत नाही : आंबील कोणी केली, भज्जीत काय काय होते, कोणाच्या शेतात कोणते पीक उभे होते. छापील चित्रातील सफरचंद दाखवून बोलते करण्यापेक्षा हे सोपे आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी सफरचंदच दाखविले जाते, कारण ते तक्त्यावर असते.

आता आज उपलब्ध असलेल्या वाटा. पहिली वाट पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या पदविकेची. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे ही पदविका बारावीनंतर दोन वर्षांची असून प्रवेशासाठी बारावीस किमान ५० टक्के गुण लागतात. आरक्षित वर्गांस नियमाप्रमाणे सवलत असते. प्राथमिक शिक्षकास परिचित असलेल्या डी. एल. एड. हून ही निराळी आहे, हे सल्ला देताना विसरू नये. दुसरी वाट चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक-शिक्षण पदवीची. २०२०च्या धोरणातून हा अभ्यासक्रम आला व २०२३-२४ पासून देशातील निवडक संस्थांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, पदवी व शिक्षकाचे प्रशिक्षण एकत्र होते, आणि त्यात पायाभूत स्तर निवडता येतो. जिला घर सोडून चार वर्षे राहणे शक्य आहे तिच्यासाठी ही वाट उत्तम. परंतु अशा संस्था अद्याप थोड्या आहेत. तिसरी वाट गृहविज्ञान शाखेतील मानव विकास या विषयाच्या पदवीची. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात, या शाखेची जुनी परंपरा आहे.

काम सोडता येत नाही अशा सेविकेचे काय? तिच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षण ही पदविका आहे. बारावीनंतर किमान एका वर्षात ती पुरी करता येते. पदवी नसल्यास नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून, किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न अशा जवळच्या महाविद्यालयातून ती मिळविता येते. नांदेडचे हे विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. त्याआधीच्या पिढीस पदवीसाठी औरंगाबादच्या विद्यापीठाकडे पाहावे लागे, आणि ते १९५८ साली निघण्यापूर्वी तर हैदराबादकडे. धोरणात अंगणवाडी सेविकांसाठीही तरतूद सुचविली आहे : बारावी व त्यापुढे शिकलेल्यांस सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांस एक वर्षाची पदविका, आणि दोन्ही नोकरी चालू असताना.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. मोठ्या शहरांतून तीन-चार महिन्यांत माँटेसरीचे प्रमाणपत्र देणारे वर्ग जाहिरात करीत असतात. त्यांतील काही शिकवितही चांगले असतील. परंतु पैसे भरण्यापूर्वी संस्थेस अध्यापक शिक्षण परिषदेची अथवा विद्यापीठाची मान्यता आहे किंवा नाही, हे परिषदेच्या यादीत पाहून घ्यावे. दूरशिक्षणाच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी पाहावी. मुलीच्या वडिलांस हे पाहता येत नसेल तर गुरुजींनी ते करून द्यावे. शेत गहाण टाकून घेतलेल्या कागदास पुढे कोणी विचारीत नाही असे कळण्यापेक्षा अर्धा तास अगोदर खर्च झालेला बरा.

सल्ला प्रामाणिक असावयाचा तर आर्थिक बाजूही झाकून ठेवता येणार नाही. अंगणवाडी सेविकेस मिळते ते मानधन. पदवी मिळाली म्हणून ते आपोआप वेतनश्रेणीत जात नाही. मुख्यसेविकेच्या थेट भरतीस पदवीची अट असते, तेव्हा तो एक दरवाजा उघडतो. शहरांतील खाजगी बालवाड्यांतही पदविकाधारक शिक्षिकेस मागणी आहे, परंतु पगाराची खात्री नाही. शिवाय सेविकेच्या दिवसाची वाटणी पाहावी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांस आहार-आरोग्याची माहिती आणि पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा या योजनेत एकत्र गुंफल्या आहेत. वजने, आहार आणि नोंदी यांचा हिशोब दरमहा वर द्यावा लागतो. मुलाशी गप्पा मारल्याचा हिशोब कोणी मागत नाही. जे मागितले जात नाही ते मागे पडते. शिकलेल्या सेविकेवरही हा भार तेवढाच असतो. ही तक्रार न्याय्य आहे, आणि पदवीचा अभ्यास ती दूर करीत नाही.

बाहेरच्या देशांत या बाबतीत एकच रीत आहे असे नाही. फिनलंडमध्ये १९९५ पासून बालवाडी शिक्षकांचे शिक्षण विद्यापीठांत दिले जाते व तीन वर्षांची पदवी घ्यावी लागते. जपानमध्ये दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयातून शिकूनही बालवाडी शिक्षकाचा परवाना मिळतो, आणि तेथील बालवाड्यांचा लौकिक काही कमी नाही. म्हणजे वर्षे तीन की दोन, यावर वाद होऊ शकतो. शिक्षिकेने मुलांसोबत राहून, जाणकाराच्या देखरेखीखाली शिकलेले असावे, यावर मात्र दोन्हीकडे एकमत दिसते. भावनगर, दादर व कोसबाद येथेही शिकणाऱ्या बायकांचा वर्ग आणि मुलांचे बालमंदिर एकाच आवारात असे. केवळ पुस्तके वाचून दिलेल्या परीक्षेचा या क्षेत्रात फारसा उपयोग नाही, हे दूरशिक्षणाची वाट धरणाऱ्या सेविकेस स्पष्ट सांगावे; तिच्या बाबतीत सुदैव असे की तिची प्रयोगशाळा तिच्याच ताब्यात असते.

प्राथमिक शिक्षकाचा या अभ्यासाशी आणखी एक संबंध आहे आणि तो अलीकडे अधिक जवळचा झाला आहे. २०२० च्या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला. त्यात पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांचा एकत्र समावेश होतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळ, गोष्ट, संभाषण व हाताचे काम हीच या संपूर्ण स्तराची शिक्षणपद्धती मानली आहे. याचा सरळ अर्थ असा की पहिली व दुसरीचे शिक्षक धोरणाच्या दृष्टीने बालशिक्षकच झाले आहेत. चिंचोक्यांचा प्रयोग, उलट्या अंकांची मीमांसा, निरीक्षणाची वही ही सेविकेची विद्या म्हणून दूर ठेवता येणार नाही. उलट जी सेविका हा अभ्यास करू लागेल तिची पुस्तके शिक्षकांनी मागून घेऊन वाचावीत.

शाळेस तिच्यासाठी करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यास खर्च येत नाही. प्रत्यक्ष पाठांसाठी व नोंदींसाठी विद्यार्थिनीस एखादी शाळा लागते. मुख्याध्यापकांनी पहिलीचा वर्ग तिला मोकळेपणाने पाहू द्यावा. जेथे अंगणवाडी शाळेच्याच आवारात भरते तेथे तर दोन भिंतींचेच अंतर असते, आणि तरीही कित्येक ठिकाणी गुरुजींनी अंगणवाडीचे दार वर्षातून एकदा, पटनोंदणीच्या वेळीच ओलांडलेले असते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखाद्या महिन्यात सेविकांस बोलवावे. मुरूड येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील अध्यापकांचे मार्गदर्शन मिळू शकले तर तेही घ्यावे. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात. त्या मुलांच्या नोंदी सेविकेच्या वहीतून पहिलीच्या शिक्षकाकडे आल्या, तर परत आलेले मूल कोठे थांबले होते हे पुन्हा चाचपावे लागत नाही.

अर्जाच्या वेळी लागणारी कागदपत्रे अगोदरच जमवून ठेवावीत : दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत माहेरच्या व सासरच्या नावांतील फरकामुळे अर्ज अडकतात; त्यासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र अथवा राजपत्रातील नावबदल जवळ असावा. हे दाखले मिळण्यास वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच अर्ज करावा. ज्या सेविकेस घरी रात्री अभ्यासास जागा वा दिवा नसेल, तिला शाळेची एक खोली सायंकाळी तासभर उघडून देण्यास शाळा व्यवस्थापन समितीचा एक साधा ठराव पुरतो.